कामिशिबाई: परिसरातल्या महोत्सवात जपानी लोककथेचा खेळ कसा उभा करावा

जपानमध्ये शरद ऋतू आला, की विशेषतः ३ नोव्हेंबरच्या संस्कृती दिनाच्या आगेमागे, अनेक गावांत आणि शहरी वस्त्यांत बुंकासाई म्हणजे सांस्कृतिक महोत्सव भरतो. तो बहुधा कोमिंकान या सार्वजनिक केंद्रात होतो. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने या केंद्रांना कायदेशीर आधार दिला, आणि तेव्हापासून परिसरातील सुलेखनाचे, इकेबाना म्हणजे पुष्परचनेचे, चहासमारंभाचे आणि गायनाचे गट वर्षभराचे काम तिथेच लोकांपुढे मांडत आले आहेत. अलीकडे परदेशी रहिवाशांनाही त्यात बोलावले जाते. तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरेही आहेत. आमंत्रण आले की आपण बहुधा खाद्यपदार्थ किंवा नृत्य घेऊन जातो. ते चांगलेच आहे. पण ज्या मातीत आपण राहतो तिथलीच एखादी लोककथा, तिथल्याच कलाप्रकारात, शेजाऱ्यांबरोबर बसून सांगण्याने जी जवळीक होते ती वेगळी असते. त्यासाठी कामिशिबाई, म्हणजे चौकटीतली चित्रे एकेक करून ओढत कथा सांगण्याचा खेळ, हा सर्वांत योग्य प्रकार आहे असे माझे ठाम मत आहे. जपानी भाषा शिकणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यांनाही आपल्या कार्यक्रमात हा खेळ करता येईल, म्हणून पुढे जिथे गरज आहे तिथे भारतात मिळणाऱ्या साहित्याचाही विचार केला आहे.

एक गोष्ट आधीच ठरवावी. महोत्सवातील एका दालनात ओरिगामी, किमोनो घालून छायाचित्रे, सुलेखन, पंखे आणि मुखवटे असे सगळे थोडेथोडे ठेवण्याचा मोह होतो. त्यातून बघणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. एकच कथा आणि एकच कला घ्यावी व ती पुरती करावी.

हा खेळ मुळात कसा आहे

कामिशिबाईत जाड कागदावरील चित्रांचा एक संच लाकडी चौकटीत उभा ठेवलेला असतो. सांगणारा एकेक चित्र बाजूला ओढून काढतो, ते सगळ्यांत मागे सरकवतो आणि मागच्या बाजूला लिहिलेल्या मजकुराच्या आधाराने कथा सांगतो. रस्त्यावरची कामिशिबाई १९३० च्या सुमारास तोक्योत आकाराला आली. तो जागतिक मंदीचा काळ होता. शिवाय बोलपट आल्यामुळे मूकपटांना आवाज देणाऱ्या बेन्शी निवेदकांचे काम सुटत चालले होते. बेकार झालेली अनेक माणसे सायकलीच्या मागे चौकट बांधून गल्लोगल्ली फिरू लागली. ती ह्योशिगी म्हणजे दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर वाजवून मुलांना बोलावत, आधी गोळ्या-मिठाई विकत आणि मग खेळ दाखवत. चित्रे हाताने रंगवलेली असत आणि व्यापाऱ्याकडून भाड्याने मिळत, त्यामुळे एकच संच अनेक सादरकर्त्यांच्या हातांतून फिरत असे. त्याच दशकात शिक्षक व धर्मप्रचारक यांनी छापील कामिशिबाई बालवाडीत आणि रविवारच्या शाळांत नेली. युद्धकाळात सरकारने हेच साधन प्रचारासाठी वापरले, आणि युद्धानंतर आलेल्या अमेरिकी प्रशासनाला त्यावर सेन्सॉर बसवावासा वाटला, इतकी त्याची पोच होती. १९५३ मध्ये जपानात दूरचित्रवाणी सुरू झाल्यावर रस्त्यावरचा खेळ ओसरत गेला. मात्र बालवाड्या, ग्रंथालये आणि समाजकेंद्रे यांत तो टिकून राहिला. २००१ मध्ये जपानमध्ये कामिशिबाईची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि आता ७ डिसेंबर हा जागतिक कामिशिबाई दिन म्हणून पाळला जातो.

मराठी वाचकाला हे वर्णन वाचताना पिंगुळीची चित्रकथी आठवणे स्वाभाविक आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत सुट्या चित्रांची पोथी समोर धरून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने सांगतात; तेथील परशुराम गंगावणे यांना या परंपरेच्या जतनासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जपानमध्येही कामिशिबाईच्या कितीतरी आधी एतोकी नावाची, देवळात चित्र दाखवून धर्मकथा सांगण्याची प्रथा होती. वाकायामा प्रांतातील दोजोजी मंदिरात आजही चित्रांची लांब गुंडाळी उलगडत आन्चिन आणि कियोहिमे यांची कथा सांगितली जाते. चित्र दाखवून कथा सांगण्याची ही रीत बौद्ध धर्माबरोबर भारतातून मध्य आशिया व चीनमार्गे जपानपर्यंत पोहोचली असे अभ्यासक मांडतात. शेजाऱ्यांना हा धागा जरूर सांगावा. पण चित्रकथी आणि कामिशिबाई एकाच खेळात मिसळू नये. चित्रकथीत संगीत कथेला पुढे नेते, तर कामिशिबाईत चित्र ओढण्याची क्रिया. दोन्ही दाखवायच्या असतील तर एकामागून एक, स्वतंत्रपणे दाखवाव्यात.

पहिली पायरी: कथा निवडणे

महोत्सवाच्या किमान दोन महिने आधी कथा ठरवावी. निवडताना ऋतू, श्रोत्यांचे वय आणि कथेचा प्रदेश या तिन्हींचा विचार करावा. जपानी श्रोत्याला ऋतू फार जाणवतो. जुलैत हिमवर्षावाची कथा किंवा डिसेंबरात तानाबाता या उन्हाळी सणाच्या ताऱ्यांची कथा सांगितली, तर तो सौजन्याने ऐकेल, पण कथेशी जोडला जाणार नाही.

मोमोतारो सर्वांना माहीत असते. नदीतून वाहत आलेल्या पीचमधून जन्मलेला मुलगा किबी-दांगो नावाचे लाडू कुत्रा, माकड आणि किजी (फेझंट) पक्षी यांना देऊन सोबती मिळवतो आणि ओनी नावाच्या राक्षसांच्या बेटावर जातो. या कथेचे नाते ओकायामा प्रांताशी विशेष मानले जाते. तेथील विमानतळालाही मोमोतारोचे नाव आहे. पुण्याशी याचा खरा संबंध आहे, कारण सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचे उद्यान असून, १७०० मध्ये पूर्ण झालेल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून त्याची प्रेरणा घेतली आहे. पुण्यातील कार्यक्रमासाठी म्हणूनच ही कथा शोभते. मात्र एक जाण ठेवावी: युद्धकाळात मोमोतारोला सैनिकी नायक आणि ओनींना परकीय शत्रू बनवून प्रचार केला गेला, १९४५ मध्ये तसा एक लांबीचा ॲनिमेशनपटही निघाला. अनेक देशांचे लोक समोर असताना ओनींना ‘बाहेरचे लोक’ वाटावेत असे रंगवू नये. त्यांनी गावातून काय लुटले होते ते आधी स्पष्ट सांगावे.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी योकाई म्हणजे अद्भुत प्राण्यांच्या कथा रंगतात. इवाते प्रांतातील तोनो हे गाव अशा कथांसाठी प्रसिद्ध आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी सासाकी किझेन या तरुणाकडून तिथल्या कथा ऐकल्या आणि १९१० मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पाण्यात राहणारा, डोक्यावरच्या खोलगट भागात पाणी असलेला कप्पा किंवा घरात वावरणारे झाशिकी-वाराशी हे बालरूप तिथलेच म्हणून ओळखले जाते. तोनोतील कथाकार आजही ‘मुकाशी आत्ता झु मोन ना’ असे म्हणून सुरुवात करतात आणि ‘दोंदो हारे’ म्हणून कथा संपवतात. कप्पाची कथा घेतली तर एक सोय मिळते: कप्पाला वाकून नमस्कार केला की तोही नमस्कार करतो आणि त्याच्या डोक्यावरचे पाणी सांडून त्याची ताकद जाते, त्यामुळे समोरच्या मुलांना नमस्कार करायला लावून कथेत सामील करून घेता येते. योकाईंची लोकप्रियता आणि कामिशिबाई यांचेही जवळचे नाते आहे. मिझुकी शिगेरू हे विख्यात चित्रकार मांगा म्हणजे जपानी चित्रमालिकांकडे वळण्यापूर्वी कामिशिबाईची चित्रे काढत, आणि त्यांचा कितारो हा नायक मुळात १९३० च्या दशकातील एका कामिशिबाई कथेतून आलेला आहे.

बांबूत सापडलेल्या चंद्रकन्येची, म्हणजे कागुयाहिमेची कथा सुंदर आहे, पण एका खेळात ती मावत नाही. कृतज्ञ करकोच्याची कथा प्रौढ श्रोत्यांपुढे उत्तम जमते.

या लेखात उदाहरणासाठी मी ‘कासा जिझो’ घेतली आहे, कारण नवख्या सादरकर्त्याला तीच सर्वांत जास्त साथ देते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक गरीब म्हातारा गवताच्या टोप्या विकायला बाजारात जातो, एकही विकली जात नाही, आणि परतताना त्याला रस्त्याकडेला बर्फात उभ्या असलेल्या सहा जिझो मूर्ती दिसतात. टोप्या पाचच असतात. तो पाचांच्या डोक्यावर त्या बांधतो आणि सहाव्याला स्वतःच्या डोक्यावरचे तेनुगुई, म्हणजे सुती पंचासारखे फडके, गुंडाळतो. रात्री कोणीतरी घराच्या दारात तांदळाच्या गोण्या आणि मोची म्हणजे चिकट तांदळाचे मऊ गोळे ठेवून जाते. जिझो म्हणजे संस्कृत परंपरेतील बोधिसत्त्व क्षितिगर्भ. पुनर्जन्माच्या सहा गतींमध्ये फिरणाऱ्या जिवांना तो आधार देतो अशी श्रद्धा असल्यामुळे गावाच्या वेशीवर आणि स्मशानाजवळ अनेकदा सहा मूर्ती ओळीने उभ्या दिसतात. म्हणून कथेतील सहा हा आकडा बदलू नये. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नववर्षापर्यंत ही कथा कुठेही चालते.

परवानगीचा प्रश्न

जपानमधील सार्वजनिक ग्रंथालयांत छापील कामिशिबाई मिळते आणि अनेक ठिकाणी लाकडी चौकटही उसनी मिळते. पहिल्या वर्षी तेच करावे. प्रवेश विनामूल्य असेल, नफ्याचा हेतू नसेल आणि सादरकर्त्याला मानधन मिळत नसेल, तर प्रसिद्ध झालेल्या कलाकृतीचे सादरीकरण परवानगीशिवाय करता येते, अशी तरतूद जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमात आहे. पण तिच्या भरवशावर मजकुराचे मराठी भाषांतर करून सांगणे, चित्रांच्या मोठ्या प्रती काढणे किंवा चित्रफीत इंटरनेटवर ठेवणे करू नये; त्यासाठी प्रकाशकाला आधी पत्र लिहून विचारावे. लोककथा सर्वांची असली तरी एखाद्या लेखकाने केलेली तिची मांडणी आणि एखाद्या चित्रकाराची चित्रे त्यांची असतात. मराठीत सांगायचे असेल तर चित्रे आणि शब्द दोन्ही स्वतः तयार करणे हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यातच अधिक आनंदही आहे.

दुसरी पायरी: कथेचे बारा भाग करणे

छापील संचात बहुधा ८, १२ किंवा १६ चित्रे असतात. पहिल्या प्रयत्नाला १२ योग्य ठरतात. सावकाश सांगितले तरी खेळ आठ ते दहा मिनिटांत होतो. कथा आधी कागदावर न लिहिता तोंडाने दोन-तीन वेळा कोणालातरी सांगावी, आणि सांगताना जिथे जागा, वेळ किंवा मनःस्थिती बदलते तिथे नवे चित्र धरावे.

कासा जिझोसाठी पुढील विभागणी चांगली बसते. पहिल्या चित्रात बर्फातील सहा मूर्ती आणि कथेचे नाव. दुसऱ्यात रिकामा तांदळाचा डबा आणि टोप्या विणणारी म्हातारा-म्हातारी. तिसऱ्यात म्हातारा निघतो, चौथ्यात गजबजलेला बाजार, पाचव्यात ओसरलेला बाजार आणि तशाच राहिलेल्या टोप्या. सहाव्यात वाढता बर्फ आणि मूर्तींची पहिली भेट. सातव्यात तो मूर्तींच्या डोक्यावरचा बर्फ झटकतो. आठव्यात पाच मूर्तींवर टोप्या आणि सहावी उघडी. नवव्यात म्हातारा बर्फाने माखलेला घरी येतो आणि म्हातारी रागावण्याऐवजी ‘बरे केलेत’ म्हणते. हे चित्र गाळण्याचा मोह होतो, पण कथेचा जीव तिथे आहे, कारण दान एकट्याचे न राहता दोघांचे होते. दहाव्यात अंधारी खोली, अंथरुणात जागे झालेले दोघे आणि बाहेरचा आवाज. अकराव्यात दारातील गोण्या. बाराव्यात बर्फातून पाठमोऱ्या परत जाणाऱ्या सहा मूर्ती, पाचांवर टोप्या आणि एकावर फडके.

तिसरी पायरी: चित्रे

छापील कामिशिबाईचे माप साधारण २६.५ × ३८ सेंटिमीटर असते. जपानमध्ये यात्सुगिरी मापाचा चित्रकलेचा कागद घेऊन थोडा छाटला की हे माप मिळते. भारतात ए-३ आकाराचा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद कापून घ्यावा. पातळ कागद ओढताना वाकतो आणि मागचे चित्र त्याला चिकटून बाहेर येते, म्हणून जाडीत काटकसर करू नये. चौकटीची कडा चित्राचा थोडा भाग झाकते. त्यामुळे चारही बाजूंनी दोन सेंटिमीटरपर्यंत महत्त्वाचे काही काढू नये.

पुस्तकातले चित्र मुलाच्या मांडीवर असते, कामिशिबाईचे चित्र पाच-सहा मीटरवरून पाहिले जाते. म्हणून आकृती मोठ्या, बाह्यरेषा ठळक आणि पार्श्वभूमी मोकळी ठेवावी. बर्फाच्या कथेत पांढऱ्यावर पांढरे हरवते, तेव्हा आकाश करड्या-निळ्या रंगाचे करावे आणि मूर्तींना गडद राखाडी द्यावा. प्रत्येक चित्र भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहावे. कोण कुठे पाहतो आहे हे तिथून कळले नाही तर ते चित्र पुन्हा काढावे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. चित्र नेहमी प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला ओढले जाते. त्यामुळे पुढचे चित्र उजव्या कडेकडून उघडत जाते. जपानी लेखनाची उजवीकडून डावीकडे जाणारी जुनी रीत यामागे आहे, आणि म्हणून कथेतील प्रवासही साधारणपणे डावीकडे दाखवतात. मराठी माणसाचा हात स्वाभाविकपणे याच्या उलट चित्र काढतो, त्यामुळे कच्च्या रेखाटनातच दिशा तपासावी. म्हातारा बाजाराला जाताना डावीकडे तोंड करून चालेल, आणि परतताना हवे तर उजवीकडे. आठव्या चित्रात या रीतीचा पूर्ण लाभ घेता येतो: टोप्या घातलेल्या पाच मूर्ती उजवीकडून ओळीने काढाव्यात आणि उघडी सहावी मूर्ती अगदी डाव्या टोकाला. सातवे चित्र सावकाश ओढले, की एक, दोन, तीन अशा टोप्या दिसत जातात, मुले आपोआप मोजू लागतात, आणि शेवटी उघडे डोके समोर येते. तिथे एक शब्दही बोलण्याची गरज पडत नाही.

चौथी पायरी: मागचा मजकूर

इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. प्रेक्षकांना पहिले चित्र दिसत असते तेव्हा सांगणाऱ्यासमोर शेवटच्या चित्राची पाठ असते. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर बाराव्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या पाठीवर, असा एकेक घर सरकवून लिहावा लागतो. प्रत्येक पाठीवर वरच्या कोपऱ्यात मोठा क्रमांक घालावा आणि प्रेक्षकांना आत्ता दिसणारे चित्र लहान आकारात रेखाटून ठेवावे, म्हणजे समोर डोकावून पाहावे लागत नाही.

मजकूर बोलण्याच्या मराठीत असावा, वाक्ये छोटी असावीत आणि चित्रात दिसणारी गोष्ट शब्दांत पुन्हा सांगू नये. ‘म्हाताऱ्याने निळा अंगरखा घातला होता’ हे वाक्य चित्राने आधीच सांगितलेले असते. त्याऐवजी म्हातारा काय म्हणाला, थंडी कशी बोचत होती, बाजारात लोक काय ओरडत होते, हे लिहावे. एका चित्राला पाऊण मिनिटापेक्षा अधिक मजकूर झाला तर मुले चित्र सोडून इकडेतिकडे पाहू लागतात. ओढण्याच्या सूचना लाल शाईने लिहाव्यात: ‘अर्धे ओढून थांबा’, ‘झटकन ओढा’, ‘बोलत बोलत ओढा’.

पाचवी पायरी: चौकट

चौकटीला जपानीत बुताई म्हणतात. उसनी मिळाली नाही तर पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची करावी. एका वर्षापुरती हवी असेल तर दुहेरी पन्हळी पुठ्ठाही चालतो. आतील माप सुमारे २७ × ३९ सेंटिमीटर आणि खोली दोन सेंटिमीटरपर्यंत ठेवावी, म्हणजे बारा चित्रे सैलसर उभी राहतात. प्रेक्षकांच्या डाव्या बाजूची कड पूर्ण उघडी हवी, कारण चित्रे तिथूनच बाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. मागील बाजू मजकूर वाचण्यासाठी मोकळी, आणि समोर उघडणारी दारे. दारे ही शोभेची वस्तू आहे असे समजून अनेकजण ती टाळतात. पण तीच उघडल्याने आजूबाजूच्या गोंगाटातून कथेची जागा वेगळी होते, म्हणून पुठ्ठ्याची का होईना, दारे करावीतच. आतून सँडपेपर फिरवून कडा गुळगुळीत कराव्यात आणि बाहेरून एकच गडद रंग द्यावा. चौकटीवर सजावट करू नये.

सहावी पायरी: ओढण्याचा सराव

आवाज, थांबणे आणि ओढणे यांवर हा खेळ उभा असतो. आवाज बहुतेकांना जमतो, थांबणे थोड्यांना, आणि ओढण्याचा सराव कोणी करत नाही. सादरकर्त्याने चौकटीच्या बाजूला, प्रेक्षकांच्या डावीकडे, अर्धवट प्रेक्षकांकडे वळून उभे राहावे आणि उजव्या हाताने चित्र आपल्याकडे ओढावे. चौकटीमागे पूर्ण लपू नये. कथा सांगणाऱ्याचा चेहरा श्रोत्यांना दिसला पाहिजे आणि श्रोत्यांचे चेहरे त्याला. कामिशिबाई आणि पडद्यावरची चित्रफीत यांतला फरक तोच आहे.

आधी मजकूर बाजूला ठेवून केवळ बारा चित्रे एका सलग लयीत ओढून मागे घालण्याचा सराव करावा. हात चौकटीला अडखळला की लक्ष तुटते. त्यानंतर वेग बदलावेत. पाचव्या चित्राकडून सहाव्याकडे जाताना, म्हणजे बाजारातून बर्फाळ रस्त्यावर, चित्र किंचित थरथरवत ओढले तर वारा जाणवतो. नवव्याकडून दहाव्याकडे जाताना नववे चित्र पूर्ण काढून अंधारी खोली तशीच राहू द्यावी आणि मनात तीन आकडे मोजेपर्यंत गप्प राहावे. मग चौकटीमागून दुरून यावा तसा ‘योइसा, योइसा’ असा ओझे ओढणाऱ्यांचा आवाज, आधी हळू आणि मग जवळ. अकरावे चित्र मात्र झटकन उघडावे. बारावे सर्वांत सावकाश.

पात्रांसाठी नाटकी आवाज काढण्याची गरज नाही. म्हाताऱ्याचा आवाज थोडा संथ आणि म्हातारीचा थोडा उजळ एवढे पुरे. बारीक किंवा कापऱ्या आवाजाची नक्कल केली तर मुले हसतात आणि कथेतील माणसे परकी होतात. सरावाचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. बहुतेकांना पहिल्याच ऐकण्यात लक्षात येते की आपण फार घाईने बोललो.

भाषा कोणती

जपानमधील मिश्र श्रोत्यांपुढे प्रत्येक वाक्य आधी जपानीत आणि मग मराठीत सांगण्याची पद्धत मी टाळावी असे सांगेन, कारण त्यात प्रत्येक विराम भाषांतराने भरून जातो. त्याऐवजी कथेची मुख्य भाषा एकच ठेवावी. जपानी शेजारी जास्त असतील तर एखाद्या शेजारणीने जपानीत सांगावे आणि आपण चित्रे ओढावीत. हा सहभाग महोत्सवात फार भावतो. मराठीत सांगायचे असेल तर आधी एका मिनिटात जपानीत कथेची ओळख द्यावी, कारण कासा जिझो तिथे बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक असते आणि भाषा न कळताही ते चित्रांबरोबर चालू शकतात. सुरुवातीचे ‘मुकाशी मुकाशी’ (फार फार पूर्वी), शेवटचे ‘मेदेताशी मेदेताशी’ (आणि सारे आनंदात संपले), आणि मुकाट बर्फ पडतो तेव्हाचे ‘शिन शिन’ हे शब्द मात्र जपानीतच ठेवावेत. आपल्याकडे पावसाच्या आवाजासाठी शब्दांची ददात नाही, पण न वाजणाऱ्या बर्फासाठी हाच शब्द चपखल आहे.

महोत्सवाचा दिवस

जागा निवडताना मंचापेक्षा कोपरा बरा. ढोलाच्या किंवा ध्वनिक्षेपकाच्या शेजारची जागा मिळत असेल तर आयोजकांशी बोलून बदलून घ्यावी. सादरकर्त्याच्या मागे खिडकी नसावी, नाहीतर उजेडात चित्र काळे दिसते. मागे ये-जा असणारी वाटही नको. टेबलावर गडद कापड घालावे. पुढे चटया, त्यामागे खुर्च्या अशी रचना करावी आणि चित्राचा मध्य खाली बसलेल्या मुलांच्या नजरेपेक्षा थोडाच वर येईल अशी उंची ठेवावी. चाळीसपेक्षा अधिक श्रोते झाले तर मागच्यांना चित्र दिसत नाही. मोठा पडदा लावण्याऐवजी दिवसात तीन-चार खेळ करावेत आणि वेळा फलकावर लिहाव्यात.

पोशाख साधा व गडद असावा, म्हणजे डोळे चित्राकडे राहतात. कोणी किमोनो घालणारच असेल तर डावी बाजू उजवीवर येईल असा तो नेसावा. उलट पद्धत मृतदेहासाठी असते आणि ती चूक ज्येष्ठ जपानी पाहुण्यांना लगेच टोचते. युकाता हा उन्हाळ्याचा पोशाख आहे, हिवाळी कथेला तो घालू नये.

खेळ सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी चित्रांचा क्रम तपासावा आणि ती एकदा पंख्यासारखी फिरवून सुटी करावीत, म्हणजे दोन चित्रे एकत्र निघत नाहीत. मग ह्योशिगी वाजवत आवारात एक फेरी मारावी: आधी संथ, मग जलद, आणि चौकटीजवळ येताच एकच स्पष्ट ठोका. ओकसारख्या कठीण लाकडाचे ठोकळे उत्तम. भारतात सुताराकडून सागाचे किंवा शिसवीचे दोन चौकोनी तुकडे करून घ्यावेत. जुन्या रीतीप्रमाणे मिठाई वाटायची इच्छा असेल तर आयोजकांची परवानगी घ्यावी आणि पाकिटबंद, घटक छापलेली मिठाईच ठेवावी.

दारे एकेक करून शांतपणे उघडावीत. मध्येच मूल रडले, कोणी उठून गेले, दुसरीकडे टाळ्या वाजल्या तर आवाज चढवू नये. क्षणभर थांबून पुन्हा सुरू करावे. शेवटच्या चित्रावर आले की पुन्हा पहिले चित्र दाखवू नये, ‘आता सांगा, यातून काय शिकलात’ असे विचारू नये. पाठमोऱ्या मूर्ती दिसत असतानाच दारे मिटावीत आणि मग वाकून नमस्कार करावा.

खेळानंतर

मुले चौकटीभोवती जमतात आणि त्यांना स्वतः चित्र ओढून पाहायचे असते. यासाठी चार चित्रांचा एक वेगळा, मजबूत संच आधीच करून ठेवावा आणि मूळ संच बाजूला घ्यावा. शेजारी टेबलावर कोरे जाड कागद व रंग ठेवून प्रत्येकाला चार चित्रांची छोटी कथा करायला द्यावी; अडीच-तीन तासांच्या महोत्सवात हा उपक्रम न थकवता चालतो. त्याच वेळी ज्येष्ठ जपानी श्रोते आपल्या गावी ही कथा कशी सांगत ते बोलू लागतात. कुठे म्हातारा सहाव्या मूर्तीला फडके देतो, कुठे स्वतःची टोपी. अशा वेळी वही जवळ असावी आणि सांगणाऱ्याच्या संमतीने गाव, ऋतू आणि कथेतील फरक टिपून घ्यावेत; पुढच्या वर्षीचा मजकूर त्यातून अधिक भरीव होतो.

घरी आल्यावर चित्रे क्रमाने लावून, मध्ये पातळ कागद घालून, आडव्या पेटीत सपाट ठेवावीत. उभी ठेवली तर कडा वाकतात. जपानचा आणि कोकणाचाही पावसाळा दमट असतो, म्हणून पेटीत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि महिन्यातून एकदा पेटी उघडून हवा द्यावी. ग्रंथालयाची चौकट उसनी घेतली असेल तर परत करताना चित्रांची संख्या मोजून, बिजागऱ्या तपासून द्यावी, आणि पुढच्या वर्षीची तारीख ठरली असल्यास त्याच वेळी नोंदवून यावे, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात चौकटींना मागणी जास्त असते.